पंचावन्न इंची आजार

पूर्वी टीव्ही लठ्ठ असायचा आणि त्यातली माणसं सडपातळ असायची. हल्ली टीव्ही सडपातळ झाला आहे आणि माणसं लठ्ठ झाली आहेत. विज्ञानानं प्रगती केली ती नेमकी कुठं, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, आणि तेही जरा रागानं सांगेन. कारण गेल्या दसऱ्यापासून अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये भिंतीवर चार फूट रुंदीचा एक काळा आयत लटकतो आहे, आणि त्यात दिसणाऱ्या एकाही माणसावर माझा विश्वास राहिलेला नाही.

मी तसा भांडकुदळ मनुष्य नव्हे. बदलापूरहून भरून आलेल्या लोकलमध्ये तीस वर्षं चौथ्या सीटवर अर्ध्या अंगानं बसून मी मुंबई गाठली आहे. सोसायटीच्या सभेत मी ‘अनुमोदन’ याखेरीज दुसरा शब्द उच्चारल्याचं कुणाला आठवणार नाही. पण या टीव्हीच्या बाबतीत मात्र मी भांडायचं ठरवलं आहे. भांडण कुणा एका दुकानदाराशी नाही. ‘मोठं ते चांगलं’ असं आपल्या गळी उतरवून, वर ‘तुमचे डोळे तपासून घ्या’ म्हणणाऱ्या अख्ख्या जमातीशी आहे.

आमचा जुना टीव्ही एकवीस इंची होता. त्याला पाठ होती. पाठीवर सौ.नं स्वतः विणलेला रुमाल, रुमालावर फ्लॉवरपॉट आणि फ्लॉवरपॉटमध्ये घरातली सगळी न सापडणारी बिलं. गेल्या वर्षी त्यानं एकदा डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि टोपी काढावी तसा चष्मा काढून म्हणाला, “काका, याचे पार्ट आता मिळत नाहीत.” त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेच्या दिवसापासून, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. आमच्या चिरंजीवांना अर्थशास्त्रातलं एवढंच कळतं, पण हे फार चटकन कळतं. “बाबा, बत्तिशीच्या खाली टॅक्स अठराच होता. म्हणजे फायदा हवा असेल तर मोठाच घ्यायला हवा!” या तर्कात कुठं तरी खोट आहे हे मला जाणवत होतं. पण ती सापडेपर्यंत आम्ही दुकानात पोचलो होतो.

दुकानात एका भिंतीवर पस्तीस-चाळीस टीव्ही आणि सगळ्यांवर एक पोपट. पोपट कसला, साक्षात इंद्राच्या बागेतला! त्याच्या मानेवरचं एकेक पीस मोजून घ्यावं. मग पोपट गेला आणि डाळिंब आलं. ते फुटलं, दाणे उधळले, एकेका दाण्यावर पाण्याचा थेंब. मग मधाची धार, मग धबधबा, मग कुठला तरी बर्फाचा डोंगर. सौ. म्हणाली, “अहो, किती छान दिसतंय!” मीही म्हणालो, छान दिसतंय. खरंच छान दिसत होतं.

आता मागे वळून पाहताना वाटतं की मी तिथं एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. अहो शेट, आमच्या घरी पोपट येत नाही. आमच्या घरी केबल येते. तेव्हा आमची रोजची केबल लावून हा टीव्ही कसा दिसतो ते दाखवा की! संध्याकाळची मालिका लावा. एखादा जुना मराठी सिनेमा लावा. चेंडू इकडून तिकडे पळतो आहे अशी एखादी मॅच लावा. भाजीवाली वांगं हातात घेऊ देते, कापडवाला साडी उजेडात नेऊ देतो, आंबेवाला तर फोडून चव देतो. जगात पन्नास-साठ हजारांची एकच वस्तू अशी आहे की जी दुकानात एक दाखवतात आणि घरी वेगळीच निघते. (लग्नाची गोष्ट मी मुद्दामच काढत नाही. सौ. हे लेख वाचते.)

तर दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनही १९७२ साली याच तारखेला सुरू झालं होतं, तेव्हा मुहूर्त वाईट म्हणता येणार नाही. झेंडूची माळ घातली, पेढे वाटले, शेजारी येऊन ‘किती इंची?’ असं विचारून गेले. केबल जोडली. आणि पडद्यावर पहिल्यांदा जी बातम्या देणारी बाई प्रकटली तिला पाहून सौ. म्हणाली, “अगंबाई, हिला दिवस गेलेत वाटतं.”

मग तिच्या शेजारचा पुढारीही तसाच दिसला. मग क्रिकेटपटू. मग एका जाहिरातीत वजन कमी करण्याचं चूर्ण विकणारी बाई. सगळ्यांनाच दिवस जाणं शक्य नव्हतं.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, शहाऐंशी वर्षांचे आहेत. हयात ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली, आणि तीही तपासणी खात्यात. वस्तू मापात आहे की नाही एवढं एकच काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. घरी चपाती वाटोळी झाली नाही तर आई रडकुंडीला यायची, कारण हे ताटातली चपाती फिरवून बघायचे आणि नुसतं म्हणायचे, “दोन थाऊ बाहेर आहे.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. असा मनुष्य खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पाच मिनिटं टीव्हीकडं बघत राहिला आणि म्हणाला, “चित्र चुकलंय.”

चिरंजीव म्हणाले, “आप्पा, तुम्हांला सवय नाही मोठ्या स्क्रीनची.”

मी म्हणालो, “आप्पा, तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. एकदा दाखवून येऊ या.”

सौ. काही म्हणाली नाही. तिनं आप्पांचा चष्मा पदरानं पुसून दिला, तो या सगळ्यांत मोठा अपमान होता.

आम्ही आप्पांना खरंच डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं हो! आज लिहिताना लाज वाटते. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, बॅटरी मारली, थेंब टाकले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात इतकी चांगली नजर मी क्वचित पाहतो. उलट तुम्हीच तुमचा नंबर तपासा. बाहेर येऊन औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत बसलो, तर तिथंही भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर एक अंडाकृती सूर्यफूल. आप्पा माझ्याकडं बघून हसले. मी छताकडं बघू लागलो.

मग मी जरा चौकशीला लागलो. चिरंजीवांच्या मित्रांना विचारलं, पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचली, एका निवृत्त मास्तरांकडून गणित करून घेतलं. आणि जे कळलं ते असं. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन या मापाचं असायचं. नवा टीव्ही सोळास नऊ या मापाचा. म्हणजे चार-तीनचं चित्र यात नीट ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. पण पट्ट्या उरल्या तर गिऱ्हाईक बोंब मारतं, म्हणून टीव्ही, नाहीतर केबलची डबी, नाहीतर चॅनेलवाला, कुणी ना कुणी ते चित्र दोन्ही कान धरून ताणतं. तिप्पटीचं चौपट होतं. साठ किलोचा माणूस ऐंशी किलोचा दिसतो. आमच्याकडची डबी जुनी, तिनं पाठवलेलं माप जुनं आणि टीव्हीला भिंत भरायची घाई. बातम्यांतल्या बाईचा यात काडीचाही दोष नव्हता. सौ.नं मनातल्या मनात तिची माफी मागितली असावी, कारण ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तरीच, पोरगी चेहऱ्यानं तशी वाटत नव्हती.”

ताणण्याचं एक वेळ सोडा. दुसरी गंमत ऐका. आमच्या टीव्हीच्या खोक्यावर ‘फोर-के’ असं बोटभर जाड अक्षरात लिहिलेलं आहे. म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार केला की ८२,९४,४०० होतात. ऐकून छाती फुगते. आणि केबलवरून जो साधा चॅनेल येतो, ज्याचं आपण महिन्याला बिल भरतो, त्याच्या चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. आता याला त्यानं भागा. मास्तरांनी भागलं आणि ते स्वतःच चमकले. उत्तर बरोबर वीस आलं. शेष शून्य! म्हणजे चॅनेलकडून एक खरा ठिपका येतो आणि उरलेले एकोणीस टीव्हीला मनानं रंगवावे लागतात.

वाचकहो, आपल्याकडं वाटीभर दह्यात वीस वाट्या पाणी घालून त्याला ताक म्हणणाऱ्या खानावळवाल्याला आपण काय म्हणतो? पण इथं तोच गृहस्थ वर सांगतो की बघा, पातेलं केवढं मोठं आहे!

एकवीस इंची पडद्यावर तेवढे ठिपके पुरायचे. नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी दिसायचं. पंचावन्न इंचांवर तिचे डोळे, नाक आणि पाणी सगळं एकत्र कालवलेलं दिसतं. मागच्या झाडांची पानं म्हणजे पालकाची पातळ भाजी. हिरो मान हलवतो तेव्हा कानाभोवती माशा घोंगावल्यासारखे चौकोन उठतात. याला उपाय काय म्हणून विचारलं तर केबलवाला म्हणतो, “काका, टीव्हीचा प्रॉब्लेम आहे.” टीव्हीवाला म्हणतो, “काका, सिग्नलचा प्रॉब्लेम आहे.” दोघांना समोरासमोर उभं केलं तेव्हा दोघांचं एकमत झालं की व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. शेवटी दुकानातून फोनवर सल्ला मिळाला की फोर-के कंटेंट बघा. आमच्या केबलवर फोर-केत येणारा एकही मराठी चॅनेल नाही. एचडी चॅनेल आहेत, त्यांचे पैसे निराळे. म्हणजे आधी मोठं भांडं घ्या आणि मग त्यात घालायला दूध निराळं विकत घ्या. भांडं विकताना हे बोलायला कुणाची जीभ झडली होती काय?

नावाचीही तीच तऱ्हा. सगळे म्हणतात ‘एलईडी टीव्ही’. मीही पेढे वाटताना तसंच म्हणालो. पण बहुतेक वेळा तो एलसीडीच असतो. एलईडी हे फक्त मागच्या दिव्यांचं नाव. पडद्यावरच्या ठिपक्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवे जळत असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे त्यांच्यासमोरची एक बारकी खिडकी. उजेड हवा तेव्हा खिडकी उघडायची, काळं हवं तेव्हा लावून घ्यायची. पण ही खिडकी आमच्या बाथरूमच्या दारासारखी आहे. पावसाळ्यात फुगल्यामुळं ती घट्ट म्हणून कधी लागतच नाही. त्यामुळं काळं म्हणजे काळं नव्हे, राखाडी. काही टीव्हींत हे दिवे कडेलाच बसवलेले असतात, म्हणून अंधाराचा प्रसंग आला की चार कोपऱ्यांत चार पांढरे ढग. जास्त पैसे मोजले तर दिवे जागच्या जागी विझवणारे टीव्ही मिळतात, आणि आणखी पैसे मोजले तर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा उजेड असलेलेही मिळतात. मिळोत बापडे. पण पोपट मात्र सगळ्यांवर सारखाच दाखवतात. पोपट दिवसाउजेडी उडतो ना!

मला हे कळलं ते आमच्या शिवमंदिरामुळं. अंबरनाथकराला जगातली कुठलीही गोष्ट पटवायची असेल तर शिवमंदिरापाशी न्यावी लागते. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशे वर्षांहून जुना काळा पाषाण. गाभारा पायऱ्या उतरून खाली. लहानपणी आईचं बोट धरून उतरताना एकेका पायरीला काळोख अंगावर चढायचा, आणि अगदी खाली गेलं की एका समईच्या उजेडात पिंडीवरचं पाणी तेवढं लकाकायचं. त्या गाभाऱ्याचं कुणीतरी छान चित्रण केलेलं आहे. चिरंजीवांनी ते मोबाइलवर दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हटलं, लाव मोठ्या टीव्हीवर. लावलं. गाभाऱ्यात धुकं पसरलेलं, भिंतींना बिल्डरनं सिमेंटचं प्लास्टर केल्यासारखा रंग आणि कोपऱ्यात जणू नगरपालिकेनं दिवे लावलेले. शिलाहार राजांनी हा गाभारा खाली खोदण्याचे कष्ट उगाच घेतले असं वाटलं. आप्पा तर खिडकीपाशी, म्हणजे बाजूला बसतात. बाजूनं बघितलं की उरलासुरला रंगही उडतो. दुपारी तर प्रश्नच नाही. दुपारी आमच्या टीव्हीवर आमचीच गॅलरी दिसते, वाळत घातलेल्या टॉवेलांसकट.

यावर कडी म्हणजे टीव्हीची हुशारी. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी चालतो. शंभरेक वर्षं आपण त्या चोवीस चित्रांत हसलो, रडलो, शिट्ट्या मारल्या. या नव्या टीव्हीला ती कमी वाटतात. मग तो दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं चित्रं घालतो. आमच्या वाडीत पूर्वी एक काकू होत्या. त्यांना दोन गोष्टी कळल्या की मधली तिसरी त्या स्वतः तयार करायच्या, आणि गोष्ट इतकी गुळगुळीत होऊन पुढं जायची की मूळ माणसालाही ती खरी वाटायची. तोच हा प्रकार. एके रविवारी ‘श्यामची आई’ लागला होता. १९५३ सालचा, आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. आणि आमच्या टीव्हीवर तो काल दुपारी गोरेगावला शूट केलेल्या मालिकेसारखा सुळसुळीत चालला होता. वनमालाबाई वळल्या की त्यांच्यामागं चित्र लोण्यासारखं घसरायचं. वर दुकानातून आलेली ती भडक मांडणी तशीच राहिलेली, त्यामुळं कृष्णधवल चित्राला निळीत बुचकळून काढलेल्या धोतराचा रंग. मी रडण्याची तयारी करून बसलो होतो. रडूच येईना.

हे दुखणं फक्त आमचंच नाही बरं का. डिसेंबर २०१८ मध्ये साक्षात टॉम क्रूझनं, जो इमारतीवरून उडी मारायला घाबरत नाही त्या माणसानं, दिग्दर्शक क्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून लोकांना कळकळीची विनंती केली की बाबांनो, सिनेमा बघताना टीव्हीतली ही करामत बंद करा. २०१९ साली टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ नावाची एक मांडणी जाहीर केली, जिच्यात टीव्हीनं आपलं डोकं चालवू नये एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे शहाणपणा न करण्याची सोयही शेवटी नवीन सोय म्हणूनच विकायला आली! आणि ती तरी कुठं असते? मेनूच्या पाचव्या पायरीवर, इंग्रजीत. दरवेळी नाव निराळं. कुणाचं ‘मोशन’ काहीतरी, कुणाचं ‘ट्रू’ काहीतरी. ज्या टीव्हीला बोलून आज्ञा करता येते, तो टीव्ही ‘माणसं जाड दिसताहेत, बारीक कर’ एवढं वाक्य मराठीत कुठं लिहून ठेवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला जुनं ते सोनं वाटायचंच. साफ चूक. जुन्या टीव्हीची दुखणी मला तोंडपाठ आहेत. १९८३ साली आप्पांनी पतपेढीचं कर्ज काढून शटरचा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही आणला. मुंबईहून येणारी लहर अंबरनाथपर्यंत पोचताना दमून जायची. पडद्यावर मुंग्या यायच्या. मी गच्चीवर अँटेना धरून उभा, जिन्यात धाकटा भाऊ, दारात आई. “आलं का?” “आलं आलं!” “आता?” “गेलं! होतास तसाच उभा राहा!” २५ जून १९८३ ला कपिलदेव मागे पळत पळत रिचर्ड्सचा झेल घेत होता, तेव्हा मी मलंगगडाकडं तोंड करून गच्चीवर होतो. जगाला जो झेल दिसला तो मला ऐकू आला.

पण त्या मुंग्या प्रामाणिक होत्या. मुंग्या आल्या की सगळ्यांना कळायचं की चित्र बिघडलंय. आप्पांपासून शेंबड्या पोरापर्यंत कुणालाही. कुणी कुणाला डोळे तपासायला पाठवत नसे. आताचं चित्र बिघडलेलं असताना चकचकतं, आणि त्याला ‘चुकलंय’ म्हणणारा माणूस घरात वेडा ठरतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आणि खरं सांगायचं तर मीही ते इतक्या जोरानं भांडलो नसतो. ताणलेला पुढारी मला चालला असता. पुढाऱ्यांना ताणलेलं बरंच असतं. पण दिवाळीत चिरंजीवांनी आमच्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणली. १९९१ सालची. कॅसेट कपाटात पंचवीस वर्षं पडून होती, तिला बुरशी धरली होती. त्यांनी कल्याणला कुणाकडून तरी ती साफ करून घेतली. गोष्ट कौतुकाची, मी नाकारत नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा हलता-बोलता चेहरा असलेली घरातली एकमेव वस्तू म्हणजे ही कॅसेट.

पाडव्याच्या संध्याकाळी सगळे बसलो. मुंडावळ्या, मंगलाष्टकं, मी स्वतः चौकोनी दिसतो आहे, ते ठीक, थोडा होतोच. मग कॅमेरा फिरत फिरत मांडवाच्या खांबापाशी आला आणि आई दिसली. माझी आई आयुष्यभर काटकुळी. चाळिशीतसुद्धा तिच्या मनगटातून बांगड्या घसरायच्या. गोठ बसेना म्हणून दोनदा सोनाराकडून लहान करून आणावे लागले. पडद्यावर उभी होती ती एक गोलमटोल, भरल्या गालांची, सुखवस्तू बाई. साडी आईची. हसणं आईचं. नारिंगी उजेडात नाकडोळे विरघळलेले. आई दिसली म्हणून मी खूश व्हावं की काय करावं, मला कळेना.

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही कोण?”

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. चिरंजीवांनी माझ्याकडं पाहिलं. शहाऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या बायकोला ‘ही कोण’ म्हणतो, तेव्हा घरातल्यांच्या मनात जे येतं ते आमच्याही मनात आलं. सौ. हळूच म्हणाली, “आप्पा, सासूबाई आहेत. ओळखलं नाहीत?”

“थांबव ते,” आप्पा म्हणाले.

चित्र थांबलं. आप्पा उठले, आत गेले. खोलीतून पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात फॅक्टरीतली स्टीलची पट्टी होती. तिच्यावरचे आकडे झिजलेत, पण माप झिजलेलं नाही. ते टीव्हीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, आणि आईच्या कपाळावरच्या कुंकवाला पट्टी लावली. आधी आडवी. मग उभी. मग पुन्हा एकदा आडवी, कारण तपासणी खात्यात कुठलंही माप दोनदा घ्यायचं असतं.

“आठ सेंटिमीटर रुंद, सहा उंच,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी मला ठाऊक आहे. तुझी आई मेणावर रुपयाएवढं कुंकू लावायची. आरशात बघून, बोटानं नाही, काडीनं. एक दिवस ते वाटोळं नव्हतं असं झालं नाही. तिनं जन्मात आडवं कुंकू लावलेलं नाही.” मग चिरंजीवांकडं वळले. “आठास सहा म्हणजे चारास तीन. तुझ्या यंत्रात तेवढी चूक आहे. काढ.”

चिरंजीव इंजिनिअर आहेत. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा इंजिनिअरसारखा झाला. मेनू उघडला, पहिली पायरी, दुसरी पायरी. ‘पिक्चर साइझ’ सापडलं. त्यात चार-तीन सापडलं. मग आप्पांच्या देखरेखीखाली दुकानातली ती भडक मांडणी काढली, मधल्या मनच्या चित्रांची करामत बंद केली, चित्राला लावलेली खोटी धार शून्यावर आणली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. जे काम दुकानात, कारखान्यात, निदान टीव्ही भिंतीवर बसवणाऱ्या पोरानं करून द्यायला हवं होतं, आणि ज्याच्यावाचून आम्ही महिनाभर एका धडधाकट माणसाला आंधळा आणि क्षणभर भ्रमिष्ट ठरवलं होतं.

चित्र आत सरलं. दोन्ही बाजूंना वीतभर काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे मांडवाच्या खांबाला टेकून आई उभी राहिली. बारीक. बांगड्या कोपराकडं सरकवत. थोडी अंधुक, कारण कॅसेट तेवढीच होती. आप्पांनी पुन्हा पट्टी लावली नाही. खुर्ची मात्र खिडकीपासून उचलून टीव्हीच्या समोर आणली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे गृहस्थ फराळाला आले. आम्ही तेच पुन्हा लावून बसलो होतो. चकली मोडता मोडता ते म्हणाले, “अहो, तुमच्या टीव्हीला दोन्ही बाजूंनी काळं आलंय! गॅरंटीत आहे ना? आमच्याकडं बघा, पडदा कसा काठोकाठ भरलेला असतो. पैसे पूर्ण दिलेत तर चित्र पूर्ण नको?”

दुकानदार म्हणत होता की गिऱ्हाईकच बोंब मारतं, ते काही अगदीच खोटं नव्हतं तर. मी काही बोलणार तेवढ्यात आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. डब्यातली पट्टी काढून गृहस्थांच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुमच्याकडं लग्नाची कॅसेट आहे का हो? असेल तर ही घेऊन जा. उद्या सकाळी आठवणीनं परत आणा.”